थंडीआधी खुराडं कोरडं करा: परसातल्या कोंबड्यांची हिवाळ्याची तयारी

थंडीची चाहूल लागली की कोंबड्या पाळणाऱ्यांचा पहिला हात गोणपाटाकडे जातो. फटी बुजवायच्या, खिडकीवर पोती ठोकायची, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि आत एखादा बल्ब सोडून द्यायचा. आपल्याला ऊब लागते म्हणजे त्यांनाही लागणार, असा साधा हिशोब असतो. पण कोंबडी अंगावर रजई घेऊनच जन्माला येते. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पिसं फुलवून ती त्यांच्या थरात हवा कोंडते, चोच पंखात खुपसते, पाय पोटाखाली झाकते आणि आपल्याला बाहेर उभंही राहवणार नाही अशा थंडीत रात्र काढते. त्यासाठी तिची पिसं कोरडी हवीत आणि अंगावर थेट वारा यायला नको, एवढंच.

गच्च बंद केलेल्या खुराड्यात यातली पहिली गोष्ट बिघडते. आत ओल साठते, शिटेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं आणि मग सर्दी-घरघर सुरू होते. दोष थंडीला दिला जातो. म्हणून खाली जे जे सांगितलंय, ते खुराडं गरम करण्यासाठी नसून कोरडं ठेवण्यासाठी आहे.

दोन महिने आधी: पक्षी हातात घ्या

सुरुवात खुराड्याऐवजी पक्ष्यांपासून करा, आणि तीही रात्री. अंधार पडून तासभर झाला की कोंबड्या दांडीवर सुस्तावलेल्या असतात, उचलल्या तरी फारशी फडफड करत नाहीत. डोक्याला विजेरी बांधा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

छातीच्या मधल्या हाडावरून बोटं फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. हाडाची धार बोटाला टोचत असेल तर पक्षी रोडावलाय, आणि रोडावलेल्या पक्ष्याला हिवाळा जड जातो. गळ्याच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी रात्री भरलेली हवी आणि सकाळी खाणं टाकण्याआधी रिकामी. सकाळीही ती टम्म असेल तर पचन अडलेलं आहे. पायांवरचे खवले चपट बसलेले हवेत. ते उचकटून त्याखाली पांढरट खपल्या दिसल्या तर पायातल्या माइटचा, म्हणजे अगदी बारीक परजीवी किड्याचा, उपद्रव आहे. तळव्यावर काळी खपली आणि भोवती सूज असेल तर जखमेत पू झालाय. शेवटी पक्षी कानाजवळ धरून श्वास ऐका. घरघर किंवा चिकट आवाज येत असेल तर त्याला त्याच रात्री वेगळा ठेवा.

एखादी कोंबडी अर्धी उघडी दिसली तर लगेच घाबरू नका. दिवस लहान व्हायला लागले की वर्षाच्या वरच्या कोंबड्यांची पिसं झडतात. आधी डोकं-मान, मग पाठ आणि छाती, शेवटी पंख आणि शेपूट. हे सगळं आठ ते बारा आठवडे चालतं आणि त्या काळात अंडी बंद होतात किंवा फार कमी होतात. पिसात जवळपास ८५ टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे अंडी आणि पिसं दोन्ही एकदम बनवणं तिला झेपत नाही. या दिवसांत १८ ते २० टक्के प्रथिनांचं खाद्य द्या आणि दाण्याचा लाड बंद ठेवा. कोवळ्या पिसांच्या नळीत रक्त असतं, दाबलं की दुखतं, म्हणून अशा कोंबडीला उगाच हाताळू नका.

याच सुमारास संख्येचाही निर्णय घ्या. उन्हाळ्यात दिवसभर बाहेर हिंडणारा कळप हिवाळ्यात बराच वेळ आत असतो. मोकळं आवार असेल तर खुराड्यात प्रत्येक मोठ्या कोंबडीला किमान ४ चौरस फूट जागा धरा, आणि आवारात १० चौरस फूट. जागा पुरत नसेल तर पक्षी कमी करा. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. गर्दी कमी केली की ओल, अमोनिया आणि भांडणं तिन्ही एकदम उतरतात, आणि यासाठी काही बांधावं लागत नाही.

ओल येते कुठून, जाते कुठून

अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीची दिवसाची ओली शीट १०० ग्रॅमच्या वर भरते आणि तिच्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यात रोज पाऊण लिटर पाणी नुसत्या शिटेतून येतं. श्वासातून वाफ होऊन जातं ते वेगळं. ही वाफ उबदार असल्याने वर चढते. वरून बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर गार पत्र्याला लागून तिचे थेंब होतात आणि तेच थेंब रात्रभर झोपलेल्या पक्ष्यांच्या पाठीवर टपकतात. पहाटे खुराड्यात हात घालून छपराला आतून तळवा लावा. ओला झाला तर हवा पुरेशी खेळत नाही.

उपाय छपराखालीच असतो. भिंत आणि छप्पर यांच्या मधल्या फटी बुजवू नका. नसतील तर पाडा, शक्यतो समोरासमोरच्या दोन भिंतींत, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा वर. ढोबळ माप म्हणून प्रत्येक पक्ष्यामागे सुमारे एक चौरस फूट उघडी जागा धरतात. कडक थंडीच्या वादळी रात्रीसाठी त्यातली काही झडपेने झाकता यावी, पण सगळी कधीच नाही. त्यावर बारीक जाळी ठोका आणि पागोळ्या आत येऊ नयेत म्हणून छपराची कड पुढे काढा.

बंद करायच्या आहेत त्या खालच्या फटी. वारा दांडीच्या उंचीवरून किंवा त्याखालून घुसला की पिसं उचकटतो आणि त्यांत कोंडलेली ऊब काढून नेतो. फट कुठे आहे ते डोळ्यांनी कळत नाही. पातळ कागदाच्या लांब पट्ट्या कापून दांडीला तीन-चार ठिकाणी दोऱ्याने लटकवा आणि वारा असेल त्या संध्याकाळी दार लावून आत बघा. पट्टी जागच्या जागी किंचित हलली तर ठीक. एका बाजूला ओढली जाऊन फडफडत राहिली तर त्या बाजूची फट शोधून बुजवा.

पत्र्याला आतून थेंब सुटतच असतील तर खाली प्लायवूडचं छत मारा, मध्ये थर्मोकोल घाला. थर्मोकोल मात्र उघडा ठेवू नका, कारण कोंबड्या तो चवीने खातात. खाद्य बाजूला ठेवून खातात, हे वर.

आवाराला ताडपत्री लावायची तर वाऱ्याच्या बाजूने, जमिनीपासून कोंबडीच्या उंचीच्या थोडं वरपर्यंत. चारही बाजूंनी तंबू केलात तर पुन्हा तीच वाफ कोंडते.

गादी

तळाला दिलेला भुशाचा थर, म्हणजे गादी, हिवाळ्यात सगळ्यात जास्त काम करते. लाकडाचा जाडसर भुसा, रंध्याची सालं किंवा तूस वापरा. अगदी बारीक भुकटी टाळा, तिची धूळ फुफ्फुसात जाते. पेंढा चालतो, पण तो लवकर चिकटतो आणि खाली बुरशी धरतो. तो वापरायचाच तर बारीक तोडून.

थंडीआधी एकदा सगळी जुनी गादी काढा, तळ खरवडा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. ओल्या जमिनीवर घातलेली नवी गादी आठवड्यात खालून सडते. मग १० ते १५ सेंटिमीटरचा थर द्या. यापुढे ती रोज उपसायची नाही. दर दोन-तीन दिवसांनी फावड्याने खालीवर करायची, ओला भाग दिसला तर तेवढाच उचलून टाकायचा आणि वर नवा भुसा पसरायचा. गादीत मूठभर दाणे फेकलेत तर निम्मी उकराउकर कोंबड्याच करतात. शिटेतलं नायट्रोजन आणि भुशातला कार्बन एकत्र येऊन हळूहळू कुजतात, थर वाढत जातो आणि थोडी ऊबही धरतो.

गादी बरोबर आहे की नाही हे हातात घेऊन ठरवा. मूठभर दाबून सोडा. हलका आकार धरून लगेच मोकळी झाली तर छान. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. दाबताना धूळच उडाली तर फार कोरडी आहे. दुसरी परीक्षा नाकाची, आणि ती फक्त सकाळी दार उघडल्याच्या पहिल्या क्षणीच खरी, कारण दोन मिनिटांत नाक सरावतं. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. नाकाला झोंबलं की अमोनियाने मर्यादा गाठली असं समजा. २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर पक्ष्यांचे डोळे आणि श्वसनमार्ग बिघडायला लागतात.

अशा वेळी बरेच जण गादीवर चुना मारतात. चुन्याने गादीची क्षारता वाढते आणि अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना वापरायचाच तर गादी काढल्यावर, रिकाम्या तळावर मारा आणि तो वाळल्यावरच पक्षी आत घ्या. वासावर उपाय म्हणजे ओला थर काढणं आणि वरची हवा वाढवणं.

दांड्यांबद्दल थोडक्यात. गोल बारीक काठीपेक्षा पाच सेंटिमीटर रुंद, कडा घासलेली चपटी फळी बरी. तिच्यावर बसलं की पोटाची पिसं बोटांवर पसरतात आणि पाय झाकले जातात. एका पक्ष्याला २० ते २५ सेंटिमीटर लांबी द्या आणि भिंतीपासून ३० सेंटिमीटर सोडा. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर घेतल्यात तर वरच्या जागेसाठीची रोजची मारामारी मिटते. अंड्यांचे खोके मात्र दांडीपेक्षा खाली हवेत, नाहीतर कोंबड्या त्यातच झोपून घाण करतात.

उवा आणि माइट

थंडीत किडे मरतात हा समज अर्धवट खरा आहे. लाल माइट पक्ष्यावर राहत नाही. दिवसा दांडीच्या सांध्यांत, खिळ्याच्या भोकांत लपते आणि रात्री येऊन रक्त पिते. थंडीत ती मंदावते, पण खायला न मिळताही कित्येक महिने जिवंत राहते आणि ऊब आली की परत येते. म्हणून तिचा समाचार थंडीआधी घ्यायचा. अंधार पडल्यावर पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूने दाबून फिरवा. लालसर-तपकिरी डाग उमटले तर माइट आहे. दांड्या काढा, सांधे उकळत्या पाण्याने धुवा, वाळवा, मग पशुवैद्यकाने सांगितलेलं औषध फटींत मारा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा मारा. पहिल्या खेपेला माइटची अंडी वाचतात, म्हणून दुसरी खेप लागतेच.

दुसरी एक माइट आयुष्यभर पक्ष्याच्या अंगावरच राहते आणि थंडीत उलट वाढते. गुदद्वाराभोवतीची पिसं काळपट, मळकट दिसतात, ती बाजूला केली की धावणारे ठिपके दिसतात. उवांची अंडी त्याच भागात पिसांच्या बुडाशी पांढऱ्या घोसांनी चिकटलेली असतात. इथे खुराडं धुऊन भागत नाही, प्रत्येक पक्ष्याला औषध लावावं लागतं. औषधावर ‘अंडी किती दिवस खायची नाहीत’ ते लिहिलेलं असतं, ते पाळा.

पायाच्या खवल्यांतल्या माइटला तेल किंवा व्हॅसलीनचा जाड लेप देतात, म्हणजे ती आत गुदमरते. काही आठवडे नेमाने लावावं लागतं आणि खपल्या ओढून काढायच्या नाहीत.

कोंबड्यांना अंगावर माती घेऊन लोळायची सोय हिवाळ्यातही लागते. छपराखाली एका पसरट खोक्यात कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख घालून ठेवा.

खाणं, पाणी, उजेड

मोठी कोंबडी एरवी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. थंडीत यापेक्षा जास्त लागतं, कारण ऊब त्याच इंधनातून येते. मुख्य खाद्य दिवसभर समोर असू द्या. झोपण्याच्या तासभर आधी थोडा मका किंवा गहू फेका. अन्नपिशवीत दाणा भरलेला असला की रात्रभर पचन चालतं आणि त्यातून ऊब मिळते. दाणा एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर नको. त्याने पोट भरतं, प्रथिनं कमी पडतात आणि कोंबडी चरबी धरते. दाणा दळायला बारीक खडे लागतात, आवारात मिळत नसतील तर वेगळे ठेवा. शिंपल्याचा चुराही वेगळ्या भांड्यात ठेवा, अंडी देणाऱ्या कोंबड्या हवा तेवढा उचलतात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. ते लहान पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही, तेव्हा त्यांना ते खाद्य घालू नका. बुरशी लागलेला दाणा कुणालाच नको. खाद्याची साठवण झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात करा, म्हणजे उंदरांचाही प्रश्न सुटतो.

पाणी खाण्याच्या जवळपास दुप्पट लागतं. गार पाणी कोंबड्या कमी पितात, पाणी कमी झालं की खाणं कमी होतं, आणि अंड्यांवर परिणाम एक-दोन दिवसांत दिसतो. सकाळी कोमट पाणी द्या, दुपारी एकदा बदला. जिथे पाणी गोठतं तिथे दोन भांडी ठेवून आलटून पालटून वापरा. रात्री पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर काढा, अंधारात त्या पीत नाहीत आणि सांडलेलं पाणी गादीत जातं. पसरट भांड्यात चोचीखालचे लाल पडदे भिजतात आणि कडाक्याच्या थंडीत तेच आधी गोठतात, म्हणून अरुंद तोंडाचं किंवा निपलचं (चोचीने ढकललं की थेंब सोडणारं) भांडं घ्या.

अंडी कमी होण्यामागे थंडीपेक्षा उजेडाचा वाटा मोठा आहे. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. दिवा लावायचा तर पहाटे लावा. संध्याकाळी लावलेला दिवा पटकन बंद झाला की कोंबड्या जमिनीवरच अडकतात, अंधारात त्यांना दांडी सापडत नाही. टायमर वापरा, आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा, एकदम बंद करू नका. उजेड मंदच हवा, वर्तमानपत्र कसंबसं वाचता येईल इतपत. पिसं झडत असताना आणि अजून वयात न आलेल्या तलंगांना, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांना, हा वाढीव उजेड देऊ नका. घरापुरत्या कोंबड्या असतील तर मी दिवा लावतच नाही. दोन-तीन महिने अंडी कमी आली तर बिघडत नाही आणि कोंबडी नवी पिसं घेऊन वसंतात ताजी निघते.

आणि तापवणारा दिवा? मोठ्या, पिसं भरलेल्या पक्ष्यांना नको. कोरडा भुसा, धूळ, फडफडणारे पंख आणि २५० वॉटचा तापलेला बल्ब यांची गाठ पडली की आग लागायला एक सैल आकडा पुरतो. शिवाय उबेला सरावलेल्या कोंबड्या ऐन थंडीच्या रात्री वीज गेली की अडचणीत येतात. पिल्लांची गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत जायचं. पिसं भरायला सहा आठवडे लागतात. हे गणित मांडलंत तर ऐन थंडीच्या तोंडावर अंडी उबवायला बसवणार नाही.

आजार बाहेरून येतो

मानमोडीवर (राणीखेत रोगावर) औषध नाही, लस आहे. शेवटची कधी दिली ते बघा आणि राहिली असेल तर थंडीआधी पशुवैद्यकाला विचारून उरकून घ्या. लस फक्त निरोगी पक्ष्याला. जंताचं औषध अंदाजाने देण्यापेक्षा शीट तपासून द्या. लहान पक्ष्यांची शीट लालसर दिसली तर रक्ती हगवणीची शंका घ्या, ती ओल्या गादीतच फोफावते.

नवा पक्षी आणलात तर तीन-चार आठवडे वेगळा, लांब ठेवा आणि त्याचं खाणं-पाणी शेवटी करा. खुराड्यासाठी चपलेचा वेगळा जोड ठेवा. हिवाळ्यात स्थलांतर करणारे पाणपक्षी बर्ड फ्लूचा विषाणू आणू शकतात आणि गार, ओल्या जागी तो जास्त टिकतो. त्यामुळे खाद्य छपराखाली ठेवा, तळ्याचं पाणी पाजू नका. एकदम अनेक पक्षी मेले तर ते कापू नका, खाऊ नका, उघड्या हाताने उचलू नका. पशुसंवर्धन खात्याला कळवा.

अंधार लवकर पडतो तसे शिकारीही लवकर निघतात. षट्कोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या भागाला १२ मिलिमीटरची वेल्डेड जाळी मारा आणि तिची कड फूटभर जमिनीत पुरा. कडी अशी हवी की पंजाने उघडणार नाही.

थंडीतला रोजचा क्रम

सकाळी वास घ्या, पाणी द्या, दारातून बाहेर येणाऱ्या कोंबड्या बघा. शेवटी येणारी, पिसं फुगवून शेपूट खाली टाकलेली, डोळे मिटलेली कोंबडी आजारी आहे. तिला जाळीच्या पिंजऱ्यात, वाऱ्यापासून आडोशाला, घरातल्या साध्या उबेत ठेवा. पाणी चोचीजवळ ठेवा, खाणं आणि शीट लिहून ठेवा. बरी झाल्यावरही लगेच बाहेर सोडू नका, दोन-चार दिवस थंडीची सवय करून घ्या. तुऱ्याचं टोक पांढरट-करडं पडलं असेल तर ते गोठलंय. चोळू नका, शेकू नका, कोमट जागी सावकाश पूर्ववत होऊ द्या. पुढे टोक काळं पडतं आणि आपोआप गळतं. तसं झालं तर त्या रात्रीची छपराखालची ओल आधी तपासा.

कोंबड्या आतच अडकून पडल्या की एकमेकींना टोचतात. खाण्याची दोन भांडी लांब लांब ठेवा, कोबीचा गड्डा उडी मारावी लागेल इतक्या उंचीवर टांगा. रक्त दिसलेली कोंबडी लगेच बाजूला काढा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत.

दुपारी ऊन असेल तेव्हा दार आणि झडपा सताड उघडा, गादी हलवा. संध्याकाळी दाणा, मोजणी, कडी. ऊन तापायला लागलं की ताडपत्री एका दिवसात न काढता आधी उन्हाची बाजू, मग वाऱ्याची, अशी काढा. हिवाळाभर साठलेली गादी एकदम झाडांना घालू नका, ताजी शीट मुळं जाळते. काही महिने ढिगात कुजू द्या, मग वापरा.